निरोगी मुलांची यादी

मुख्याध्यापकांनी यादी तयारच ठेवली होती.
चौथी ते सातवी, बासष्ट नावं.
शेवटी एक त्रेसष्टावं, खोडलेलं.
"सगळी निरोगी," ते म्हणाले, "दांड्याच नाहीत."
मी मान डोलावली. माझ्या प्रस्तावातही
निरोगीची व्याख्या दीड ओळीचीच होती.

बोरखेडीच्या शाळेनं पोषण आहाराची खोली दिली.
तांदळाची पोती, काटा, एक टेबल, दोन खुर्च्या.
मुलाच्या शेजारी बसायचं, समोर नाही, असा नियम आहे;
माझ्या चेहऱ्यावरचं काही त्याच्या डोळ्यांत सांडू नये म्हणून.

पहिलं कार्ड.
हे काय असू शकेल?

पुस्तकातल्या मुलांना इथे वटवाघूळ दिसतं
किंवा फुलपाखरू.
ती मुलं कुठल्याशा बर्फाच्या गावची,
त्यांची सरासरी माझ्या पिशवीत, प्लॅस्टिकच्या कव्हरात.
अचल उईके म्हणाला, मोहाचं पान. किडीनं खाल्लेलं.
कुठे दिसतं?
"अख्खं. हे भोकं पाहा ना, मॅडम."
मृणाली कोहळेला बोंड दिसलं, फुटलेलं, काळं.
काळं कसं?
"पाणी पडलं त्याच्यावर दिवाईत. मंग कवडी होते."
तान्ह्या पोळ्याचा नंदी, एक शिंग मोडलेला.
नाल्यातला खेकडा, पण मेलेला, पण आत्ताच.
आत्याच्या कमरेचा फोटो,
डॉक्टरनं खिडकीत धरला होता तसा.

तिसऱ्या कार्डात दोन बाया, मधात गुंड.
भांडतायत का, असं विचारायचं नसतं.
मी विचारलं.
"नाही बाप्पा! उचलू लागून राह्यल्या."

रात्री सरपंचांच्या ओसरीवर
मी एकेक उत्तर खणात टाकत बसले.
मोहाचं पान: दुर्मीळ.
कवडी: आकार बिघडलेला.
खणाखणांतून किडे येत होते, बल्ब पिवळा होता.
चौथ्या दिवशी मोजलं तर
एकोणीस पोरांना बोंडच दिसलं होतं.
एकोणीस जणांचं एकदम कसं बिघडेल?
मी 'बिघडलेला' खोडलं. वर काय लिहावं सुचेना.
तिथे अजून खोडल्याची रेघच आहे.

पोरं एकेक करून आणून द्यायचं काम भूषण पुसनाकेकडे होतं.
दाराशी उभा राहायचा, आत बघायचा नाही.
त्याला झटके येतात.
त्रेसष्टावा तोच.

शेवटच्या दिवशी चारला मी कार्डं आवरत होते,
साडेचारची एसटी.
"माह्यावालं?"
मी म्हटलं, तुझं नाव…
"आता येत नाही मले. संक्रांतीपासून एकबी नाही आला."
मी बसायला सांगितलं. शेजारी.

"फिरवू काय?"
तुला हवं तसं.
त्यानं कार्ड उलटं केलं आणि पाठच बघत राहिला,
कोरी, पांढरी, किती तरी वेळ.
सेकंदकाटा मी दाबलाच नव्हता.
"मागं काहीच नाही."
मग पुढून पाहिलं.
"शाई सांडली कोणाची तरी.
मंग त्यानं कागदाची घडी घातली.
मंग उघडून पाह्यली."
थांबला. बोटानं कड चाचपली.
"अन् त्याले कोणी मारलं नाही.
मारलं असतं त फेकून देल्ला असता त्यानं."

बाहेर कोणीतरी घंटेचा रूळ तीनदा वाजवला.
माझ्याजवळचा कागद संपला होता,
मी ते सकाळच्या तिकिटामागे लिहिलं,
त्याचेच शब्द, काना-मात्रा न बदलता, नियम आहे.
त्यानं पिशवी गाडीपर्यंत आणली.
वाटेत काहीच बोलला नाही,
फक्त एकदा, "हे दुसऱ्या गावातल्या पोराइलेबी दाखवता?"
हो.
"मंग ठीक आहे."

छापलेल्या तक्त्यात संख्या बासष्टच आहे.
तिकीट त्या पुस्तकात सापडतं अधूनमधून,
खुणेला ठेवलेलं.
शाई पुसट झाली आहे, वाचता येते.
खूण कुठल्या पानाची होती, ते मात्र आठवत नाही.